आई गोड बोलायला लागली

१

धोंड्याचा महिना लागला की तानुबाईला तापेश्वरला न्यावंच लागे. तापीत डुबकी मारल्याशिवाय म्हातारीला चैन पडत नसे, आणि तिथवर नेणाऱ्या प्रत्येकाचा उद्धार केल्याशिवायही चैन पडत नसे. शिंदखेड्याहून रस्ता काही लांबचा नाही, पण माय गाडीत असली की तो लांबतो, असं तिचा मुलगा भूपेंद्र म्हणायचा. अर्थात तिला ऐकू जाणार नाही अशा बेतानं.

त्या रविवारीही तसंच चाललं होतं. भूपेंद्र गाडी चालवत होता, शेजारी त्याची बायको सारिका आमरसाचा डबा मांडीवर धरून बसली होती. मागे तानुबाई आणि तिची थोरली लेक कोकिळा. कोकिळा धुळ्याला देवपुरात मेस चालवायची. आईच्या डुबकीसाठी म्हणून ती आदल्या दिवशी मुद्दाम आली होती.

"हाई एशी बंद कर, भूप्या. मनं हाडूक गारठी गयं."

भूपेंद्रनं एसी बंद केला.

"काच उघाड. जीव गुदमरी ऱ्हायना मना."

काच उघडली. मे महिन्याचा झोत आत शिरला.

"आते तोंडमा धूळ चालनी. माले वाटमाच गाडतस का?"

सारिका समोर बघत होती. सकाळपासून तिनं आमरस पातळ केल्याबद्दल, पोळ्या जाड केल्याबद्दल आणि डबा घट्ट न लावल्याबद्दल ऐकून घेतलं होतं. कोकिळा मात्र गालातल्या गालात हसत होती. कोकिळा आईच्या वळणावर गेली, असं लोक म्हणत. म्हणणाऱ्यांना ते नावं ठेवणं वाटे, तिला नाही.

२

तापेश्वर म्हणजे महादेवाचं देऊळ, दोनचार धर्मशाळा, नारळाची दुकानं आणि घाट. खाली बॅरेज झाल्यापासून उन्हाळ्यातही तापीला पाणी असतं, पण ते वाहत नाही. हिरवट, जाड, जागच्या जागी उभं असतं. घाटाच्या खालच्या पायऱ्या त्यात कायमच्या बुडाल्या आहेत. भाविकांना धरायला म्हणून पायरीतल्या कड्याला लोखंडी साखळी अडकवलेली आहे. तिचं दुसरं टोक खोल पाण्यात कुठेतरी बांधलंय. वरच्या अंगाला कपडे बदलायला पत्र्याच्या छपराची एक खोली, तिच्यावर लाल अक्षरांत 'महिलांसाठी'.

घाटाच्या तोंडाशी ताजबी बांगड्या, कंगवे, कुंकवाच्या डब्या मांडून बसलेली असते. तानुबाईनं तिला नेहमीसारखं फैलावर घेतलं, की रस्ता काय तुझ्या बापानं बांधलाय का, माणसांनी जायचं कुठून.

ताजबी मोठ्यानं हसली. "आजी, दर खेपेला हेच बोलता. न बोलता गेलात तर मला करमायचं नाही."

पायऱ्या उतरताना कोकिळानं आईचा दंड धरला.

"सोड मना हात. मी काय मरेल शे का?"

"पाय घसरी, माय."

"घसरना ते घसरना. तू तठे बठ."

कोकिळा वरच्या पायरीवर बसली. तानुबाई साखळी धरून, नदीलाही काहीतरी सुनावत, एकेक पायरी उतरली. पाणी कमरेला लागलं. तिनं नाक दाबलं आणि खाली गेली. पहिली डुबकी झाली, दुसरी झाली. तिसरीला पाणी डोक्यावर मिटलं आणि साखळी एकदम सैल पडली.

कोकिळा उठली. पाण्यावरची वर्तुळं रुंद होत गेली, विरली. पाणी पुन्हा सपाट झालं. ती ओरडणार एवढ्यात म्हातारी वर आली, पण साखळीपाशी नाही. चांगली बाजूला, जिथे धरायला काहीच नव्हतं तिथे. तोंडावरचे केस तिनं हळूच मागे सारले, कोकिळाकडे बघितलं आणि हात पुढे केला.

"हात दे गं बाळा. पायरी निसरडी आहे."

कोकिळानं हात दिला. हात गार होता. नदीतून आलेल्या माणसाचा हात गारच असणार. पण बाळा? पन्नाशी उलटली होती तिची, आणि आईनं आजवर तिला बाळा म्हटलं नव्हतं. आई असं पुस्तकातलं बोलतही नव्हती.

३

देवळामागच्या निंबाखाली सतरंजी टाकली. लुगडं बदलून तिकडे जाताना म्हातारी ताजबीपाशी थांबली आणि म्हणाली, "बरी आहेस ना गं? उन्हात बसतेस, सांभाळ हो."

ताजबी हसली नाही. तिनं बांगड्यांची टोपली जवळ ओढून घेतली आणि पदर पुढे घेतला.

जेवताना सारिकानं भीत भीत सासूच्या ताटात आमरस वाढला. म्हातारीनं बोट बुडवून चाखला.

"छान झालाय हं, सारिका. किती करतेस तू आमच्यासाठी!"

सारिकाच्या हातातली पळी तशीच राहिली. मग तिचे डोळे भरून आले. लग्न होऊन आली तेव्हापासून हे एवढं वाक्य ऐकायला ती थांबली होती. भूपेंद्रनं खाली मान घालून पोळी मोडली, पण त्याच्याही चेहऱ्यावर हसू फुटलं.

"माय, आज देव पावला का काय!" तो म्हणाला.

कोकिळाला मात्र घास उतरेना. तिनं मनाशी तर्क लावून बघितला. ऊन लागलं असेल. शुगर कमी झाली असेल. मेसच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्याला लकव्याचा हलका झटका आला आणि तो एका रात्रीत वेगळंच बोलायला लागला, हे तिनं स्वतः पाहिलं होतं. तसं असेल तर दवाखाना गाठायला हवा. तिनं आईकडे निरखून बघितलं. तोंड वाकडं नव्हतं, हात थरथरत नव्हते. निंबाखालीसुद्धा सगळ्यांच्या अंगाला घामाच्या धारा लागल्या होत्या, म्हातारीचं कपाळ मात्र कोरडं होतं. आमरसावर माश्यांनी उच्छाद मांडला होता. भूपेंद्र हातानं वारत होता, सारिका पदरानं. म्हातारीच्या ताटावर एकही माशी नव्हती.

"कोकिळा," ती म्हणाली, "जाताना पुनाकडे होऊन जाऊ. सख्खा भाऊ माझा. उगाच इतकी वर्षं राग धरला."

कोकिळानं ताट बाजूला सरकवलं.

पुना म्हणजे तिचा मामा. कोकिळाचा नवरा गेला आणि सासरच्यांनी तिला पिशवीसकट दाराबाहेर काढलं, तेव्हा सगळ्यात जवळचं घर मामाचं होतं. मामानं ओट्यावर चहा दिला, पिशवी उचलून तिच्या हातात दिली आणि तिला बस स्टँडची वाट दाखवली. दुसऱ्या दिवशी तानुबाई एकटी त्याच्या अंगणात जाऊन उभी राहिली होती. गाव गोळा झालं होतं. तिनं त्याला काय काय म्हटलं ते लोक अजून सांगतात. त्यानंतर तिनं भावाचं तोंड बघितलं नाही. राखीला नाही, भाऊबीजेला नाही, त्याची बायको गेली तेव्हाही नाही. दर दिवाळीला कोकिळा म्हणायची, "जाऊ दे माय, झालं ते झालं." आणि तानुबाई म्हणायची, "तुनाकरता झालं व्हई. मनाकरता नई."

त्या एका वाक्याच्या आधारावर कोकिळानं धुळ्यात मेस उभी केली होती. आणि आता ही बाई आमरसाची बोटं चाटत म्हणत होती, उगाच राग धरला.

"उगाच?" कोकिळाचा आवाज चढला. "उगाच म्हणालीस तू?"

"अक्का, हळू," भूपेंद्र म्हणाला. "चांगलं बोलतेय ती. तुला काय पाहिजे, शिव्या?"

"हो! शिव्याच पाहिजेत!"

म्हातारी तिच्याकडे बघून मायेनं हसली. तेवढ्यात सारिकाला आठवलं, की आईंचं ओलं लुगडं त्या घाटावरच्या खोलीतच राहिलं.

"राहू दे गं," म्हातारी म्हणाली, "जुनंच होतं."

फाटक्या लुगड्याच्याही वाती करणारी तानुबाई! कोकिळा चपला पायात सरकवून तरातरा घाटाकडे निघाली.

४

घाटावर कोणी नव्हतं. देवळाचं दार दुपारचं ओढून घेतलेलं, दुकानांवर पडदे सोडलेले. फरशीचा चटका चपलेतून वर येत होता. कोकिळा अर्ध्या पायऱ्या उतरली असेल, तोच त्या पत्र्याच्या खोलीतून आवाज आला.

"कितला टाईम व्हयना! आठे मी उघडी बठेल शे. कोठे मरी गई ही कोकी?"

"उनू माय, उनू!" कोकिळाच्या तोंडून सवयीनं निघून गेलं आणि ती धावली. दारापर्यंत पोचली आणि थबकली.

तिथून निंब दिसत होता. निंबाखाली सतरंजी, सतरंजीवर भूपेंद्र आडवा झालेला, सारिका डबे बांधत होती आणि शेजारी म्हातारी, मांडीवर हात ठेवून, ताठ.

आवाजासारखा आवाज असतो, असं कोकिळानं स्वतःला बजावलं. खानदेशात अशा म्हाताऱ्या गल्लोगल्ली आहेत. कोणाचीतरी कोकी कुठेतरी रेंगाळली असेल. पण हात आपोआप दारावर गेला.

दार लोटल्याबरोबर उघडलं. आत कोणी नव्हतं. एक नळ, एक खुंटी, खुंटीवर आईचं लुगडं. एवढ्या उन्हात, पत्र्याखाली, ते अजून टपटप गळत होतं. खालची फरशी पार ओली होती.

"आठे वं, आठे!" आवाज आता बाहेरून, पाण्याकडून आला. "डोया फुटनात का तुना? माले सोडीसन जेवाले बठनात बठ्ठा!"

भीती वाटायच्या आधी कोकिळाला राग आला. म्हातारीला पाण्यात ठेवून आम्ही वर पोळ्या खात बसलो, हा राग. ती पायऱ्या उतरत थेट पाण्याच्या काठाशी गेली.

पाणी हलत नव्हतं. त्यावर वाऱ्याची सुरकुतीसुद्धा नव्हती. साखळी मात्र ताणलेली होती. मधूनच सैल पडायची आणि पुन्हा हिसका बसून ताणायची, जसं कोणीतरी तोल सावरताना धरतं तशी. कोकिळानं दोन्ही हातांनी साखळी धरली आणि ओढली. पलीकडे वजन होतं. दगडाचं वजन नुसतं जड असतं. हे वजन अडत होतं, तिच्याबरोबर ओढाताण करत होतं. शेवाळलेल्या कड्या एकेक करून वर यायला लागल्या.

"हळू वं! हाडूक मोडशी मनं!"

आवाज अगदी जवळून, पायरीखालून आला. कोकिळा वाकली. हिरव्या पाण्यात, हात घातला तर पोचेल एवढ्या खोलीवर, साखळीला बोटं धरलेली होती. सुरकुतलेली चार बोटं आणि मनगटाच्या वर गोंदलेली तुळस. लहानपणी कोकिळा त्या तुळशीची पानं बोटानं मोजत झोपायची.

"चल बाळा. उशीर होतोय."

मागून आलेली सावली पाण्यावर पडली. म्हातारी कधी पायऱ्या उतरून आली ते कोकिळाला कळलंच नाही. ती दोन पायऱ्या वर उभी होती आणि पहिल्यांदाच नदीकडे बघत होती. रागानं नाही, लोभानं नाही. घरातली बाई घासून ठेवलेल्या भांड्यांकडे बघते तशी.

पाण्यातला आवाज बंद झाला.

तानुबाई सासऱ्यापुढे कधी गप्प बसली नव्हती, तलाठ्यापुढे नाही, पुना मामाच्या अख्ख्या गावापुढे नाही. आता ती गप्प बसली. बोटं साखळीवरून सुटली नाहीत. फक्त हळूच साखळीच्या मागे सरकली, नजरेआड झाली.

५

भूपेंद्र पाण्याची बाटली घेऊन खाली आला होता.

"अक्का, काय ओढी ऱ्हायनी तू?"

"माय खाली शे. धर, भूप्या, साखळी धर! बघत काय राहिलास?"

त्यानं शेजारी उभ्या असलेल्या आईकडे बघितलं, मग बहिणीकडे. त्याच्या डोळ्यांत कीव आली, आणि ती कीव बघून कोकिळाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तिला विचार ती कोण आहे! विचार तिला, पुनानं माझी पिशवी हातात दिली तेव्हा तिनं काय केलं! तुम्हाला चालतंय रे. कोणीही आलं तरी चालतंय तुम्हाला, फक्त रसाला नावं ठेवायला नकोत!"

"ऊन लागलंय अक्कांना," वरून सारिका म्हणाली. ती खरोखर काळजीनं बोलत होती.

"तिला एक डुबकी मारू दे," म्हातारी हळुवारपणे म्हणाली. "डोकं तापलंय पोरीचं. बरं वाटेल तिला."

मग भूपेंद्रनं बाटली पायरीवर ठेवली.

"खरंच, अक्का. मार एक डुबकी. शांत वाटेल."

"मारा ना, अक्का," सारिका खाली येत म्हणाली. "आईंना किती बरं वाटतंय, बघताय ना?"

भूपेंद्रनं कोकिळाचा दंड धरला. जोर नव्हता त्या धरण्यात. लहानपणी जत्रेत हरवू नये म्हणून तो तिचा हात धरायचा तसाच धरला होता. कोकिळानं त्याच्या तोंडाकडे बघितलं. कपट नव्हतं, राग नव्हता. तिथे नुसती इच्छा होती. दिवाळीला येऊन भांडणारी, त्याच्या खताच्या दुकानाच्या ओट्यावर उभं राहून चारचौघांत त्याला सुनावणारी बहीण थोडी गोड झाली तर किती बरं होईल, एवढीच साधी इच्छा. सारिकाच्या डोळ्यांतही तीच. दोघं तिला एक पायरी खाली घेऊन आले होते. पाणी तिच्या पावलांना लागलं.

"सोड मना हात!" कोकिळा किंचाळली. "मुडदा बसो तुमना बठ्ठासना! जल्मदाती माय पाणीमा शे आनि तुमी माले शांत करतस? सोड!"

मग तिच्या तोंडून जे निघालं ते तिनं कधी कोणाला म्हटलेलं नव्हतं, फक्त ऐकलेलं होतं. देवळाचं दार किलकिलं झालं. गुरव पितांबर डोळे चोळत बाहेर आला. दुकानांचे पडदे वर झाले. भूपेंद्रनं ओशाळून हात सोडला.

साखळी पाण्यात एकदा खणकली.

म्हातारीनं लेकाच्या पाठीवरून हात फिरवला. "राहू दे रे. येईल ती तिच्या मनानं."

तिघं वर गेले. गाडी बराच वेळ चालू ठेवून भूपेंद्र हॉर्न वाजवत राहिला, फोन करत राहिला. कोकिळानं घेतला नाही. मग गाडी निघून गेली.

६

कोकिळा अजून तापेश्वरलाच आहे. देवपुरातली मेस तिनं हाताखालच्या रूपाच्या गळ्यात टाकली आणि इथे धर्मशाळेच्या मागे खोली घेतली. भाविकांना जेवण करून देते. हाताला चव आहे, लोक येतात.

भूपेंद्रचा फोन येतो. धुळ्याच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवलं, सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, माय मजेत आहे, तूच हट्ट सोड. पुना मामा येऊन गेला, पुरणपोळी खाऊन गेला, जाताना रडला बिचारा. एकदा भूपेंद्रनं न सांगता फोन त्या म्हातारीकडे दिला. "जेवलीस का बाळा?" असं कानावर पडताच कोकिळानं फोन गव्हाच्या डब्यात टाकला आणि झाकण लावलं. डब्यातून किती वेळ तरी कोणीतरी मायेनं बोलत राहिलं.

दुपारी घाट रिकामा झाला की ती साखळी धरून शेवटच्या कोरड्या पायरीवर बसते आणि भांडते. पुनावरून, लुगड्यावरून, मिठाच्या अंदाजावरून. ताजबी तेवढी जवळ बसलेली असते, नदीकडे पाठ करून. कोणी तिला विचारलं, की दोघींचा आवाज येतो की एकीचा, तर ताजबी म्हणते, "मला बांगड्या विकायच्यात. मी ऐकत नाही." पण पूर्वी दुपारी ती टोपली झाकून घरी जायची, ती आता जात नाही.

गावात कोकिळाबद्दल तक्रारी आहेत. पितांबर गुरव दोनदा समजावून गेला, की बाई, भाविकांना त्रास देऊ नका. कारण सकाळी डुबकीची गर्दी असली की कोकिळा पायऱ्यांवर उभी राहते. एखादी म्हातारी पाण्यातून वर आली की मुद्दाम तिच्या वाटेत जाते. तिच्या पातळाला नावं ठेवते, सुनेला नावं ठेवते, कधी कोपरानं ढकलतेसुद्धा. म्हातारी खवळते, तोंडाचा पट्टा सुटतो, सात पिढ्यांचा उद्धार होतो. मग कोकिळाचा चेहरा निवळतो. ती हात जोडून बाजूला होते आणि म्हणते, "जा माय, घर जाय सुखनी."

पण एखादी खवळत नाही. केस मागे सारते, हसते, म्हणते, "असू दे हो, लागलं नाही."

तेव्हा कोकिळा तिच्याकडे बघत नाही. वर पायऱ्यांवर तिला न्यायला आलेल्या माणसांकडे बघते. त्यांनी टॉवेल पुढे केलेला असतो, आणि ती खूश असतात.